बाकी सगळं सारखं ठेवून

टांगेवाला घाईघाईने खाली उतरला, तोंडातली विडी त्याने पाठीमागे लपवली आणि सावे मास्तरांना चक्क सलाम ठोकला. “आइये साब. डाकबंगला? कचेरी?” पालघर स्टेशनाबाहेरच्या उन्हात मास्तर जागच्या जागी थबकले. हा टांगेवाला त्यांना रोज बघत होता. वाचनालयात जाता-येता त्यांच्या पायांपासून वीतभर अंतरावर तो रोज थुंकत होता. मुद्दाम नव्हे, झाडाशेजारी थुंकावं तसा. आज धोब्याने धोतरं आणून दिली नव्हती, आणि तारापूरच्या बांधकामावर लागलेला भाचा आपली खाकी पँट आणि बुशशर्ट मास्तरांकडे विसरून गेला होता. ते अंगावर चढवून मास्तर वर्तमानपत्र वाचायला निघाले होते, एवढंच. त्यांनी मान वर केली. टांगेवाल्याने चेहरा पाहिला आणि सलामाचा हात अर्ध्यावरून खाली आला. “हात् तिच्या! मास्तर, तुमी होय?” लपवलेली विडी पुन्हा तोंडात गेली. “मला वाटला, कोन मानूस आला!” चाकाशी बसलेले हमाल खो खो हसले. मास्तरही हसले. वाचनालयात पोचेपर्यंत त्यांना त्या हसण्याची चव तोंडात जाणवत राहिली, नासलेल्या दुधाची साय चुकून जिभेवर यावी तशी. टांगेवाल्याचा राग त्यांना आला नव्हता. आपण हसलो याचीच शिसारी आली होती.

तो दिवस आणि पुढचे बरेच दिवस मास्तर त्या सलामाभोवती घोटाळत राहिले. त्यांचा स्वभावच तसा. एखादी क्षुल्लक गोष्ट मनात शिरली की दातात अडकलेल्या तंतूसारखी जीभ सारखी तिकडेच जायची. उभा जन्म त्यांनी शाळेत काढला होता, पण वर्गात शिरण्याआधी ते अखेरपर्यंत दाराबाहेर घुटमळत असत. त्यांना खरं आवडायचं ते एकच: मुलांना वालाच्या बिया रुजवून दाखवणं. एक डबा उजेडात, एक अंधारात. माती तीच, पाणी तेवढंच. “बाकी सगळं सारखं ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची,” ते सांगायचे, आणि तेवढं एक वाक्य सांगताना त्यांचा आवाज कापत नसे. आता त्यांना वाटलं, कपड्यांचं काय? माणूस तोच, रस्ता तोच. बायको, मंजुळा, असती तर म्हणाली असती, तुम्हाला कोणी बघतच नाही, कारण तुम्हीच अंग चोरून चालता. पण मंजुळेला जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि तिचं म्हणणं खोडून काढावं तर आता ती समोर नव्हती. मग त्यांना माकुणसारची वाडी आठवली. वडील केळींना पाणी लावत होते, कमरेला नुसता पंचा. बांधावरून कोणी साहेब येताना दिसला, तशी वडिलांनी हातातलं फावडं टाकलं आणि ते घराकडे धावत सुटले, बंडी घालायला. बंडी घालून परत आले तेव्हा त्यांचा आवाजच वेगळा होता, जाड, घरात कधी न ऐकलेला. साहेब मात्र तोवर पुढे निघून गेला होता. वडील बंडीची बटणं काढत बराच वेळ तिथेच उभे राहिले. बांधावर बसलेल्या लहानग्या सावे मास्तरांना तेव्हा वडिलांच्या छातीवरचे ओले पांढरे केस बघवले नव्हते.

पालघरात प्रयोग करून उपयोग नव्हता. इथे कोट घातला काय, उघडं फिरलं काय, लोक मास्तर म्हणत आणि पुढच्या क्षणी विसरत. म्हणून ते बोईसरला गेले. बोईसर तेव्हा नुसतं उकरून ठेवलेलं होतं. तारापूरकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ, सिमेंटच्या गोणी, कुठकुठून आलेले मजूर आणि त्यांची हिंदी. स्टेशनासमोरच्या चहाच्या टपरीत मास्तर पहिल्यांदा भाच्याच्या खाकी कपड्यांत गेले. टपरीवाल्याने बाक फडक्याने पुसला आणि विचारलं, “साब, स्पेशल?” पुढच्या खेपेला ते विरलेली बंडी आणि गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर नेसून गेले. “ए बुड्ढे, उधर बैठ, उधर,” टपरीवाला म्हणाला, आणि त्याने मास्तरांपुढे ठेवलेला कप दांडी तुटलेला होता. त्या कपाच्या काठाला कुणाच्या तरी ओठांचा तेलकट डाग होता. मास्तर तो डाग बघत राहिले, मग तिथेच ओठ लावून चहा प्यायले. आत कुठेतरी त्यांना आनंद झाला होता. वाल रुजला होता! पण गाडीत बसल्यावर शंका सुरू झाली. खाकी कपड्यांत आपण पाय पसरून बसलो होतो. बंडीत आपणच पाठीला पोक काढला, आपणच “जरा चहा मिळंल का” असं लाचार विचारलं. म्हणजे गोष्टी दोन बदलल्या, एक नव्हे. ज्याला प्रयोगाची कल्पनाच नाही असं कोणीतरी हवं. आणि त्यांच्या डोळ्यांपुढे तानी आली.

तानी त्यांच्याकडे पाणी भरायला आणि भांडी घासायला येई. मासवणकडच्या पाड्यावरची. नवरा ताडाच्या झाडावरून पडून मेला, तेव्हापासून ती पालघरात मोलमजुरी करत होती आणि बाजारामागे, आपल्या गाववाल्यांच्या झोपडीत राहत होती. वय तिशीच्या आत-बाहेर. मळकं, गुडघ्याच्या वर घट्ट नेसलेलं लुगडं, कोपरापर्यंत राखेने भरलेले हात. ती बोलत नसे आणि मास्तर बोलत नसत, त्यामुळे दोघांचं चांगलं जमत होतं. मास्तरांनी मंजुळेची ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास अंगावर आला, आणि त्या वासाखालून दुसरा, मंजुळेच्या मानेचा, खोबरेल आणि घामाचा. त्यांनी तोंड फिरवलं. मेलेल्या माणसाचा वास जिवंत राहतो ही त्यांना घाणेरडी गोष्ट वाटली. हिरवं, पिवळ्या काठांचं लुगडं त्यांनी ओढून काढलं. तानी मागल्या दारी तपेली उपडी घालत होती.

“हे घे,” मास्तर म्हणाले.

तिने हात पुसले, पण पुढे केले नाहीत. “मला?”

“तुला.”

“वापरून परत देऊ?”

“परत कशाला? ठेव तुझ्याकडे.”

तानी उभी राहिली. तिने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं ती कधी बघत नसे. नीट, डोळ्यांत डोळे घालून. मग खाली मान घालून हळूच म्हणाली, “लोकांत नेसू?”

मास्तरांना वाटलं, किती अचूक विचारलं हिने. “लोकांतच नेस,” ते उत्साहाने म्हणाले. “त्याकरताच देतोय. आजच नेस. आणि एकनाथच्या दुकानातून साखर आण.”

साखर तेव्हा रेशनची होती आणि एकनाथ वाण्याच्या दुकानापुढे सकाळपासून रांग लागत असे. समोरच वाचनालय. मास्तर खिडकीशी वर्तमानपत्र उभं धरून बसले. जुन्या लुगड्यातली तानी त्या रांगेत कितीदा तरी त्यांनी पाहिली होती. “ए, मागं हो,” “ए, अंगाला अंग लावू नको,” आणि शेवटी एकनाथ पिशवीत साखर वरून टाकायचा, हात लांब ठेवून. आज रस्त्याच्या टोकाला हिरवा रंग दिसला. तानीने ते लुगडं मंजुळेसारखं पोटरीपर्यंत नेसलं नव्हतं. आपल्या पद्धतीने वर खोचून, घट्ट. केस चापून बसवलेले. रांगेतल्या बायका बाजूला झाल्या. एकनाथने मान वर केली, पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि गादीवरून अर्धा उठत म्हणाला, “या बाई. या, या. अहो, बाईंना पुढं येऊ द्या.” मास्तरांनी वर्तमानपत्र खाली केलं. बाई! एका कापडाने! त्यांना जाऊन कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण सांगावं असं कोणीच त्यांच्या आयुष्यात नव्हतं. ते घामेजलेल्या हातांनी पान उलटत राहिले. त्यांच्या लक्षात आलं की आपण लुगड्याकडे बघत नाही आहोत, लुगड्याखाली दिसणाऱ्या तिच्या पिंढऱ्यांकडे बघतो आहोत. मग त्यांनी बाजारभावाचा रकाना वाचायला घेतला.

पुढच्या खेपेला त्यांनी तिला जुन्याच लुगड्यात पाठवलं. “हिरवं आज नको नेसू,” ते म्हणाले. तानी किंचित हसली. “घरातल्या कामाला हाच बरा,” ती म्हणाली, जणू काटकसरीचं काही बोलणं दोघांत झालं होतं. मास्तर खिडकीशी बसले. एकनाथने “ए” म्हणायला हवं होतं, रांगेने तिला मागे ढकलायला हवं होतं. पण एकनाथ पुन्हा अर्धा उठला. “या बाई.” राखेने माखलेलं तेच मळकं लुगडं, आणि तरीही बाई. मास्तर गोंधळले. अंधारातल्या डब्यातला कोंबही हिरवा निघावा तसं झालं. कदाचित, त्यांनी स्वतःशी मांडणी केली, एकदा पाहिलेलं चांगलं लुगडं बघणाऱ्याच्या डोळ्यांत काही दिवस टिकत असेल. ही कल्पना त्यांना फार आवडली. ते घरी गेले आणि जेवताना तिच्यावरच विचार करत राहिले; ताटात काय वाढलंय ते त्यांना कळलं नाही. खरं म्हणजे तेव्हाच कळायला हवं होतं, कारण ताट वाढलेलं होतं. तानी स्वयंपाक करत नसे. त्यांचा भात ते स्वतःच लावत आले होते.

कळलं ते एकनाथकडून. मास्तर काडेपेटी घ्यायला गेले होते. दुपारची वेळ, दुकानात माश्या आणि गुळाचा आंबूस वास. एकनाथने गल्ल्यावरून पुढे वाकून आवाज उतरवला. त्याच्या तोंडातलं पान रवंथासारखं फिरत होतं, ओठांच्या कोपऱ्यात लाल लाळ साचली होती. “मास्तर, बरं केलंत. आम्हाला काळजीच होती. वहिनी गेल्यापासून तुम्ही पार वाळून गेला होतात.”

“काय केलं मी?”

“अहो, आमच्याशी काय लाजता?” एकनाथने डोळा बारीक केला. “पुरुषाच्या जातीला कोणीतरी लागतंच. आणि ही माणसं स्वच्छ असतात हो, वाटतात तशी नसतात. वहिनींचं लुगडं मी लांबूनच ओळखलं. मी तर दुकानात सांगूनच ठेवलंय, मास्तरांची बाई आहे, रांगेत उभी करायची नाही.” त्याने कागदात दोन नारळाच्या वड्या बांधल्या. “बाईंना द्या. माझ्याकडून.”

त्या वड्या मास्तरांनी घेतल्या. हे त्यांना पुढे पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, की आपण त्या घेतल्या आणि “बरं” म्हणालो. रस्त्यावर कागदातून तूप बोटांना लागलं. गटाराकडेला ते वाकले, पण ओकारी झाली नाही, नुसतं आंबट पाणी. आपल्याला वाटलं लुगडं बघून उठला, आणि तो उठला होता आपली वस्तू बघून! एकनाथच्या डोक्यात आपण कोणत्या स्थितीत असू याचं चित्र त्यांना दिसलं, आणि ते चित्र आपल्याला इतकं स्पष्ट कसं दिसतंय, याने त्यांचे कान तापले. कारण ते पूर्ण खोटंही नव्हतं. परवा ती वाकून सारवत असताना पिवळ्या काठाखाली तिची पोटरी ओली चमकत होती, आणि ते दाराशी उभे राहून पाणी मागायचं विसरले होते. मंजुळेचा वास तिच्या अंगाच्या वासात मिसळला होता, आणि त्यांना दोन्हींची किळस आली होती, आणि तरी ते हलले नव्हते.

घरी तानी ओसरीच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. पायरीच्या आतल्या बाजूला, जिथे ती एरवी कधी बसत नसे. तिचं गाठोडं मागल्या पडवीत, चुलीशेजारी ठेवलेलं होतं. ते तिथे किती दिवस आहे, हे मास्तरांना सांगता आलं नसतं.

“हे काय?” ते म्हणाले.

“झोपडीत किती दिस ऱ्हाऊ? लोक विचारतात.” तिने सूप हलवलं. “सुका आला होता काल. बोईसरला खडी फोडतो, तो. मागल्या वर्षापासून मागं लागला हाय. नवा लुगडा घेऊन आला होता.”

“मग?”

“मग काय? मी बोलली, माझ्या अंगावर हाय. आता दुसऱ्याचा कसा घेऊ?” ती सांगता सांगता हसली, आणि त्या हसण्यात अभिमान होता. “रडला येडा. बोलला, म्हातारा हाय तो. मी बोलली, असू दे. त्याने लोकांत नेस सांगितला. लपवून नाय दिला.”

मास्तर भिंतीला टेकले. त्यांनी बरीच पुस्तकं वाचली होती. पण या तालुक्यात जन्म काढून, पाड्यावरची मुलं वर्गात बसवून, त्यांना हे ठाऊक नव्हतं की विधवा बाईला पुरुषाने लुगडं दिलं, ‘ठेव’ म्हटलं, ‘लोकांत नेस’ म्हटलं, की तिच्या माणसांत ते लग्नच असतं. वेगळा भटजी नाही, वेगळ्या अक्षता नाहीत. बाजारभर तिने ते मिरवलं होतं ते साखरेसाठी नव्हे. त्यांनी ज्या रस्त्याकडे खिडकीतून प्रयोग म्हणून पाहिलं, त्या रस्त्याने ती नवरीसारखी चालत आली होती. आता सांगायला हवं, त्यांना वाटलं. आत्ता, या क्षणी. तानी, चूक झाली, मी नुसतं बघत होतो. पण हे वाक्य ऐकताना तिचा चेहरा कसा होईल, ते त्यांना दिसू लागलं. त्यांनी खिशातल्या वड्या काढून सुपाशेजारी ठेवल्या. “एकनाथने दिल्यात,” ते म्हणाले. तानीने एक वडी मोडली, अर्धी त्यांच्यापुढे धरली. तिच्या नखांत राख होती. त्यांनी ती अर्धी वडी खाल्ली. तूप जुनं होतं.

ती पडवीत राहिली आणि मास्तर आतल्या खोलीत राहिले. त्यांनी तिला बोट लावलं नाही. हे ते मनाशी वारंवार घोकत, जणू त्याचं कुणी प्रमाणपत्र देणार होतं. तीही घाई करत नव्हती. म्हाताऱ्या माणसाला वेळ लागतो, इतक्या साध्या समजुतीने ती वावरत होती. सकाळी अंघोळीचं पाणी तापलेलं असे. धोतर तिने नीट घडी घालून ठेवलेलं असे. रोज सकाळी ते ठरवत, आज सांगायचं. आणि रोज गरम पाणी अंगावर घेताना त्यांना बरं वाटे, आणि त्या बरं वाटण्याचीच घृणा येऊन ते दार लावून वाचत बसत. ओळी डोळ्यांखालून जात. शेजारच्या काशीबाई हल्ली त्यांना बघितल्यावर पदर तोंडाला लावून आत वळत. वाचनालयात दोघे-तिघे गप्प होत. गंमत म्हणजे या दिवसांत गावात सगळे त्यांना बघत होते. टांगेवालासुद्धा. “काय मास्तर!” तो ओरडायचा, आणि थुंकायचा नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी तानीचा भाऊ चिंतू आला. बरोबर पाड्यावरची दोन म्हातारी माणसं आणि ताडीचं मडकं. ते अंगणात उकिडवे बसले, मडकं मध्ये ठेवलं. ताडीवर मुंग्या तरंगत होत्या. हिरवं लुगडं नेसलेली तानी दारात, चौकटीला धरून. काशीबाई आपल्या कुंपणाशी आल्या. रस्त्याने जाणारा एकनाथ थांबला, आणि त्याच्यामागे आणखी कोणी कोणी.

“आमी भांडायला नाय आलो, मास्तर,” चिंतू म्हणाला. काळासावळा, बारीक, डोक्याला फडकं. तो जमिनीकडे बघून बोलत होता. “तुमी मोठी मानसं. आमी काय तुमाला जातीत ओढीत नाय. पर सुका पाड्यावर येऊन ओरडून गेला. बोलला, मास्तर मजा करतो, तुमची बहीण मजा करते. म्हनून विचारायला आलो. चार मानसांत एकदा बोला. लुगडा दिला का नाय दिला?”

“बस, एवढंच,” एक म्हातारा म्हणाला. “दिला बोला, आमी ताडी पितो, जातो. मग तिच्याकडं कोन वाकडा बगील?”

“आनि नाय दिला,” दुसऱ्याने मान हलवली, “तर मग तिचा तिला ठाऊक. सुकाला तिने तोंडावर नाय बोलली. तो काय आता घेनार?”

मास्तरांनी तोंड उघडलं. प्रयोग हा शब्द त्यांच्या टाळूला चिकटला होता. तो शब्द या अंगणात, या मडक्यापुढे उच्चारायचा, वालाच्या बिया, उजेड, अंधार. त्यांना स्वतःचीच भयानक लाज वाटली. दुसरा शब्द सोपा होता. दिला. खराही होता. त्यांनी तो मनात उच्चारून पाहिला. पण कुंपणावर काशीबाईंचे डोळे होते, बारीक आणि ओले, मांजराने माशाच्या डोक्याकडे लावावे तसे. एकनाथ पान चघळत होता. “सांगा ना मास्तर,” तो म्हणाला, “आपलीच माणसं आहेत,” आणि कोणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्याबरोबर मास्तरांच्या अंगावरून काहीतरी ओलं सरपटत गेलं. उरलेला जन्म या तोंडांपुढे काढायचा! प्रत्येक वेळी दुकानात गेलं की ती लाल लाळ, तो बारीक डोळा. त्यांना तानीकडे बघायचं नव्हतं. त्यांनी मडक्यातल्या मुंग्यांकडे बघितलं.

“मी दिलं नाही,” ते म्हणाले.

चिंतूने पहिल्यांदाच मान वर केली. “मग तिच्या अंगावर कुठून आला?”

“ते... घरातलंच आहे. ट्रंकेत होतं. आमच्या हिचं.”

वाक्य पुरं झालं आणि त्यांना कळलं की त्याचा अर्थ काय होतो. त्यांना ते परत घ्यायचं होतं. जीभ वळली असती, थोडा वेळ मिळाला असता तर कदाचित. निदान पुढे ते स्वतःला असंच सांगत राहिले. पण दारातून तानीचा आवाज आला, नेहमीचा, भांड्यांबद्दल बोलावं तसा.

“खरा हाय. मास्तरांनी नाय दिला. मीच घेतला.”

चिंतू उठला. त्याने मारलं नाही. तो तिच्यासमोर गेला आणि जमिनीवर थुंकला, आणि मग तो का कोण जाणे त्या थुंकीवर पाय घासत राहिला. “चोरी केलीस?” तो म्हणाला. “लोकांत मिरवलीस वर?”

“बघा!” एकनाथचा आवाज मोकळा, जवळजवळ आनंदी झाला होता. “आणि आम्ही मास्तरांवर नाही नाही ते... राम राम राम. चांगुलपणाचा काळच राहिला नाही. मास्तर, पोलिसात द्या म्हणतो मी.”

“नको,” मास्तर पुटपुटले. “जाऊ द्या. जाऊ द्या तिला.”

“काय हे मन!” काशीबाई कुंपणावरून म्हणाल्या. “घर धुऊन नेलं तरी बोलणार नाहीत.”

लोकांच्या नजरा बदलताना मास्तरांना अंगावर जाणवलं, कोमट पाणी ओतावं तसं. तानी आत गेली. बाहेर आली ती तिच्या जुन्या लुगड्यात, काखेत गाठोडं, हातावर हिरव्या लुगड्याची घडी. घाईत घातलेली, तरी काठाला काठ जुळवलेली. “कुठं ठेवू?” तिने विचारलं. त्यांच्या चेहऱ्याकडे तिने बघितलं नाही; बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं, आणि हे वाटणंही खोटं होतं. त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. तिने ती घडी खुर्चीवर ठेवली, कपाळावर आलेला केस मनगटाने मागे सारला, आणि पायरी उतरली. म्हाताऱ्यांनी ताडीचं मडकं उचललं. मासवणला जाणाऱ्या मनोरकडच्या रस्त्याने ती चौघं निघाली, चिंतू पुढे, म्हातारे त्याच्यामागे, आणि बरंच अंतर ठेवून तानी. तिने पाड्यावरच्या कुणाच्या जवळ चालायचं नाही, हे कुणी न सांगता ठरलं होतं. बाजाराला येणाऱ्या बायका तिला वाट देण्यासाठी थांबल्या नाहीत. तीच कडेच्या काट्यांत उतरली.

दुपार तशीच गेली. मास्तर खुर्चीत बसू शकत नव्हते, कारण तिच्यावर ती घडी होती. हलवायला हात लावावा लागला असता. ते जमिनीवर भिंतीशी बसून राहिले. रस्त्याने हाक मारून दोघं-चौघं बोलून गेले, आदराने. वाचनालयाचे चिटणीस स्वतः आले आणि म्हणाले, उद्यापासून या, तुमची खिडकी मोकळीच असते. मास्तर “हो” म्हणाले. धावत जावं, मासवणच्या वाटेवर त्यांना गाठावं, हा विचार त्यांनी बराच वेळ मनात फिरवला. कुठपर्यंत गेली असतील, कुठल्या वळणावर, काय शब्द वापरायचे. शब्द चांगले सुचत होते. ऊन कललं तसतसे अधिक चांगले सुचत गेले, आणि गाठण्याजोगं अंतर उरलं नाही तेव्हा तर अगदी नेमके सुचले.

दिवेलागणीला काशीबाई कुंपणाच्या फटीतून आल्या. हातात झाकलेलं ताट. “भाऊजी, चूल पेटली नाही तुमची. मी म्हटलं, माणूस उपाशी बसलं असेल. उद्यापासून आमची ठकी येईल भांड्यांना, घरंदाज आहे पोर.” त्यांनी ताट ठेवलं, खुर्चीवरच्या लुगड्याकडे नजर टाकली, च् च् केलं आणि दारापर्यंत जाऊन तिथेच थांबल्या. ताटात भात आणि कोलंबीचं कालवण होतं, वर तेलाचा लाल तवंग. मास्तरांना वाटलं, आपल्याला हे गिळवणार नाही. त्या वासानेच पोट उलटेल. त्यांनी पहिला घास केवळ काशीबाई बघताहेत म्हणून घेतला. कालवण उत्तम झालं होतं. आंबट, तिखट, नारळाच्या दुधाचं. दुसरा घास त्यांनी भराभर कालवला. कोलंबीचं डोकं दातांनी फोडून त्यांनी आतला रस चोखला, आणि तो आवाज रिकाम्या घरात त्यांनाच ऐकू आला. सकाळपासून अडून बसलेली ओकारी कुठे नाहीशी झाली होती. ताट पुसून निघालं. कोपरापर्यंत ओघळलेला रस त्यांनी चाटला.

“आणखी आणू का थोडं?” दारातून काशीबाईंनी विचारलं.

“आणा,” मास्तर म्हणाले, आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज स्वच्छ फुटला.